मेद घटविण्यातील आहार व व्यायाम

मेद घटविणे म्हणजे शरीरात साठलेल्या चरबीचे प्रमाण कमी करणे आणि तसे करताना स्नायू व हाडे यांचे वस्तुमान शक्य तितके टिकवून ठेवणे होय. 'वजन घटविणे' आणि 'मेद घटविणे' हे शब्दप्रयोग व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत महत्त्वाचा फरक आहे. वजनकाट्यावरील आकडा ही चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि पचनमार्गातील अन्न या सर्वांची बेरीज असते. त्यांपैकी नेमके काय कमी झाले, हे काटा सांगू शकत नाही.

मेद घटविण्याची तीन प्रमुख साधने आहेत : आहार, ताकदीचे व्यायाम आणि दमसासाचे व्यायाम. यांपैकी शेवटचा प्रकार व्यायामशाळांत 'कार्डिओ' या नावाने ओळखला जातो. ही साधने एकमेकांना पर्याय नाहीत, कारण त्यांची कार्ये भिन्न आहेत. ऊर्जेची तूट मुख्यतः आहारातून निर्माण होते. त्या तुटीच्या काळात स्नायू टिकविण्याचे काम ताकदीचे व्यायाम करतात. दमसासाच्या व्यायामांमुळे ऊर्जेचा खर्च वाढतो, हृदय व फुप्फुसे यांची क्षमता सुधारते आणि घटलेले वजन पुन्हा वाढण्यास आळा बसतो.

शरीरातील मेद

मेद हा मुख्यतः ट्रायग्लिसराइड या स्वरूपात मेदपेशींमध्ये साठविला जातो. तो ऊर्जेचा राखीव साठा असून शरीराची उष्णता टिकविणे, अवयवांना आधार देणे आणि लेप्टिनसारखी संप्रेरके स्रवणे ही कार्येही मेदऊती करतात. म्हणून मेद पूर्णपणे नाहीसा करणे हे उद्दिष्ट असू शकत नाही. त्वचेखालील मेदापेक्षा पोटातील अवयवांभोवती साठणारा मेद अधिक घातक मानला जातो. मधुमेहाचा दुसरा प्रकार, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

घटलेला मेद जातो कोठे, याविषयी अनेक गैरसमज आहेत. तो घामावाटे वितळून जात नाही किंवा त्याचे स्नायूंत रूपांतर होत नाही. मेदाचे ऑक्सिजनशी संयोग होऊन ज्वलन होते व त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली मांडलेल्या हिशेबानुसार १० किलोग्रॅम मेदाचे पूर्ण ज्वलन झाल्यास त्यापैकी ८.४ किलोग्रॅम उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आणि १.६ किलोग्रॅम पाण्याच्या रूपाने शरीराबाहेर पडतो.

ऊर्जेचा ताळेबंद

शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी असेल, तरच साठलेला मेद वापरला जातो. एक ग्रॅम कर्बोदकांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे ४ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते.

ऊर्जेच्या खर्चाची तीन अंगे आहेत. बैठे काम करणाऱ्या व्यक्तीच्या एकूण खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के भाग श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूचे कार्य अशा विश्रांतीतही चालणाऱ्या क्रियांवर होतो; त्यास मूलभूत चयापचय म्हणतात. सुमारे १० टक्के ऊर्जा अन्नाच्या पचनासाठी व शोषणासाठी लागते. उरलेली ऊर्जा हालचालींवर खर्च होते. या हालचालींत ठरवून केलेल्या व्यायामाइतकाच घरकाम, जिने चढणे, उभे राहणे, बाजारात पायी जाणे यांचाही वाटा असतो.

एक किलोग्रॅम मेदऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. त्यानुसार रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवल्यास एक किलोग्रॅम मेद घटण्यास अंदाजे १५ दिवस लागावेत. प्रत्यक्षात हा वेग हळूहळू मंदावतो. शरीर हलके होते तशी त्याची ऊर्जेची गरज कमी होते आणि नकळत हालचालीही मंदावतात. म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे वजन झपाट्याने उतरते व पुढे काटा एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. सुरुवातीच्या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो, हेही यामागील एक कारण आहे.

भारतीयांची शरीररचना

वजन आणि मेद यांतील फरक भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दीर्घकाळ केलेल्या संशोधनातून 'कृश परंतु मेदयुक्त' भारतीय ही संकल्पना पुढे आली. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन या दोन संशोधकांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र याज्ञिकांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरातील ९.१ टक्के होते. पुणे परिसरातील नवजात बालकांचे वजन ब्रिटनमधील बालकांपेक्षा कमी असूनही त्यांच्यात स्नायूंच्या मानाने मेद अधिक असल्याचेही या संशोधनात आढळले.

या कारणाने भारतीयांसाठी निर्देशांकाची मर्यादा कमी ठेवण्यात आली आहे. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी केलेल्या शिफारशीनुसार २३ व त्याहून अधिक निर्देशांक अतिवजन आणि २५ व त्याहून अधिक निर्देशांक स्थूलता मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असणे धोक्याचे समजले जाते. ज्या शरीरात स्नायू मुळातच कमी आहेत, त्याने केवळ उपासमारीने वजन उतरविल्यास उरलेले स्नायूही गमावण्याचा संभव असतो.

आहाराचे कार्य

ऊर्जेची तूट निर्माण करण्यासाठी आहार हे सर्वांत परिणामकारक साधन आहे. ७० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती तासाला ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालल्यास सुमारे १२० किलोकॅलरी खर्च होतात. एका मोठ्या चमच्यातील, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर, तेलातही जवळजवळ तेवढीच ऊर्जा असते. दिवसाकाठी चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर घेतल्यास केवळ साखरेतूनच सुमारे १६० किलोकॅलरी मिळतात. चालून खर्च करण्यापेक्षा हा भाग आहारातून वगळणे सोपे असते.

तुटीच्या काळात प्रथिनांचे प्रमाण पुरेसे ठेवणे आवश्यक असते. प्रथिनांमुळे पोट भरल्याची भावना अधिक काळ टिकते. प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनातच खर्च होते. कर्बोदकांच्या बाबतीत हे प्रमाण ५ ते १० टक्के, तर स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असते. शिवाय स्नायूंची झीज भरून काढण्याची सामग्री प्रथिनांतूनच मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. मेद घटविताना आहारतज्ज्ञ सामान्यतः १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत प्रमाण सुचवितात.

महाराष्ट्रातील नित्याच्या जेवणात भात, पोळी किंवा भाकरी यांचे प्रमाण मोठे आणि वरण पातळ असते. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम आणि एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकी, मूग, चवळी यांच्या उसळी, पिठले, दही, ताक, पनीर, अंडी आणि मासे यांचा वाटा वाढवून धान्याचा वाटा त्या मानाने कमी केल्यास जेवणाची पद्धत फारशी न बदलता हे प्रमाण गाठता येते. धान्य व कडधान्य एकत्र खाल्ल्याने दोहोंतील अमिनो आम्लांच्या उणिवाही परस्परांत भरून निघतात.

उपवासाने मेद घटतोच असे नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असून त्यात प्रथिने नगण्य असतात. तूप, दाण्याचे कूट व बटाटा यांच्यासह केलेली खिचडी ऊर्जेने भरलेली असते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ऊर्जेच्या ताळेबंदाच्या दृष्टीनेही सार्थ ठरते.

ताकदीच्या व्यायामाचे कार्य

स्नायूंना प्रतिकाराविरुद्ध काम करावयास लावणारे व्यायाम म्हणजे ताकदीचे व्यायाम. वजने उचलणे, रबरी पट्टे ताणणे, जोर, बैठका आणि मल्लखांब हे सर्व या प्रकारात मोडतात. महाराष्ट्रातील तालमींमध्ये ही परंपरा जुनी आहे.

केवळ आहार घटवून वजन उतरविले, तर ढोबळमानाने उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा मेदाखेरीज अन्य ऊतींचा असतो. ताकदीच्या व्यायामाने शरीराला स्नायूंच्या गरजेचा संकेत मिळतो आणि ही हानी कमी होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जेचा आहार आणि कठोर व्यायाम देण्यात आला. दर किलोग्रॅम वजनामागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाचा मेद सरासरी ४.८ किलोग्रॅमने घटला आणि मेदविरहित वस्तुमान १.२ किलोग्रॅमने वाढले. १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाचा मेद ३.५ किलोग्रॅमने घटला.

या व्यायामाच्या लाभाविषयी एक अतिशयोक्ती मात्र प्रचलित आहे. स्नायू वाढल्याने विश्रांतीतील ऊर्जाखर्च प्रचंड वाढतो, असे सांगितले जाते. वस्तुतः विश्रांतीत एक किलोग्रॅम स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी आणि एक किलोग्रॅम मेद सुमारे ४.५ किलोकॅलरी खर्च करतो. स्नायूंचे खरे मोल त्यांनी जाळलेल्या ऊर्जेपेक्षा शरीराची ताकद, तोल, हाडांची बळकटी आणि रक्तातील साखर सामावून घेण्याची क्षमता यांत आहे.

दमसासाच्या व्यायामाचे कार्य

भरभर चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे, दोरीवरच्या उड्या इत्यादी व्यायामांत मोठे स्नायुगट दीर्घकाळ लयीत काम करतात. तेवढ्याच वेळात ताकदीच्या व्यायामापेक्षा यांत सामान्यतः अधिक ऊर्जा खर्च होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आठ महिन्यांच्या अभ्यासात, आहारात बदल न करता, दमसासाच्या व्यायामाने ताकदीच्या व्यायामापेक्षा अधिक मेद घटला. मेदविरहित वस्तुमान मात्र ताकदीच्या व्यायामानेच वाढले.

तथापि केवळ या व्यायामाने होणारी घट बहुधा अपेक्षेपेक्षा कमी असते. व्यायामानंतर भूक वाढते, उरलेल्या दिवसात हालचाल कमी होते आणि शरीर अन्य क्रियांवरील खर्चात काटकसर करते. हर्मन पॉन्टझर व सहकाऱ्यांनी टांझानियातील शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला. हे लोक दिवसभर पायपीट करीत असूनही शरीराच्या आकारमानाचा विचार केल्यास त्यांचा एकूण दैनंदिन ऊर्जाखर्च पाश्चात्त्य देशांतील लोकांइतकाच आढळला.

घटलेले वजन राखण्यात मात्र या व्यायामांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वजननियंत्रण नोंदवहीत किमान १३.६ किलोग्रॅम वजन घटवून ते वर्षभर राखणाऱ्यांच्या नोंदी होतात. त्यांतील बहुसंख्य व्यक्ती रोज सरासरी एक तास व्यायाम, मुख्यतः चालणे, करतात.

तिन्हींचा मेळ

तिन्ही साधने एकत्र वापरण्याचे महत्त्व वृद्धांच्या बाबतीत सर्वाधिक आहे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींची २६ आठवडे पाहणी करण्यात आली. आहारनियंत्रणासह व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी घटले. परंतु मेदविरहित वस्तुमानाची घट केवळ दमसासाचे व्यायाम करणाऱ्यांत ५ टक्के, केवळ ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांत २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के होती. शारीरिक कार्यक्षमतेच्या चाचणीतील गुण पहिल्या दोन गटांत १४ टक्क्यांनी, तर दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटात २१ टक्क्यांनी वाढले. काट्यावर तिन्ही गट सारखे दिसत होते. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, तोल सांभाळणे यांसाठी लागणारे बळ मात्र सारखे नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार दमसासाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायुगटांचा ताकदीचा व्यायाम करावा. ताकदीच्या व्यायामात भार किंवा आवर्तने हळूहळू वाढवीत नेणे आवश्यक असते.

प्रचलित गैरसमज

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी उतरते, हा समज सर्वत्र आढळतो. १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालील मेद मोजण्यात आला. रॅकेट धरणाऱ्या हाताचे स्नायू अधिक विकसित असूनही दोन्ही हातांवरील मेदाच्या थरात लक्षणीय फरक आढळला नाही. मेद कोठून आधी घटेल, हे मुख्यतः आनुवंशिकता, लिंग व वय यांवर ठरते.

घाम अधिक येणे म्हणजे मेद अधिक जळणे नव्हे. घामाने उतरलेले वजन पाणी पिताच भरून येते. ताकदीच्या व्यायामाने स्त्रियांचे शरीर पुरुषी होते, हा समजही निराधार आहे. स्त्रियांत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी असते.

मोजमाप

प्रगती पाहण्यासाठी काट्याबरोबर कमरेचा घेर मोजणे उपयुक्त असते. वजन स्थिर राहून घेर कमी होत असेल, तर मेद घटून स्नायू टिकत किंवा वाढत असल्याचा तो संकेत असतो. वजन उतरत असताना पूर्वीइतके ओझे उचलता येईनासे झाले किंवा जिना चढणे जड जाऊ लागले, तर आहारातील तूट फार मोठी असण्याची किंवा प्रथिने अपुरी पडत असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

सावधगिरी

इन्शुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी आहार घटविताना वा व्यायाम वाढविताना वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नये. हृदयविकार, सांध्यांचे आजार, गर्भावस्था व स्तन्यपानाचा काळ यांतही तज्ज्ञांचे मार्गदर्शन आवश्यक ठरते. वाढत्या वयाच्या मुलांना व किशोरवयीनांना कडक आहारनियंत्रण सुचविले जात नाही; त्यांच्या बाबतीत खेळ, पुरेशी झोप आणि घरच्या सकस जेवणावर भर दिला जातो.