केमोची पिशवी लावण्याआधी दोन परिचारिका काय तपासतात?

बेट्सी लेहमन अमेरिकेतील ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्रात आरोग्यविषयक स्तंभ लिहीत. १९९४ साली स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी त्या बॉस्टनच्याच नामांकित डाना-फार्बर संस्थेत दाखल झाल्या. त्यांना सायक्लोफॉस्फामाइड हे औषध ४ दिवसांत विभागून द्यायचे होते. पण ४ दिवसांचा एकूण डोस हाच रोजचा डोस समजला गेला आणि ४ दिवस रोज चौपट औषध शरीरात गेले. ३ डिसेंबर १९९४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. चूक उघड झाली ती १९९५ मध्ये, जुन्या नोंदी तपासताना.

औषध लिहिणारे, तयार करणारे आणि देणारे असे अनेक हात या साखळीत असतात. रुग्णापर्यंत औषध पोहोचण्याआधीचा शेवटचा हात परिचारिकेचा. म्हणूनच तिची तपासणी फार मोलाची ठरते.

डोसचे गणित

केमोथेरपीत उपयोगी डोस आणि घातक डोस यांतले अंतर कमी असते. बरीच औषधे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार देतात आणि हे क्षेत्रफळ उंची व वजनावरून काढतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या रुग्णाचे वजन ६५ किलोवरून ५६ किलोवर आले, तर क्षेत्रफळ सुमारे १.७० वरून १.५८ चौरस मीटरवर येते. म्हणून मागच्या वेळचे वजन न वापरता ते पुन्हा मोजतात. रक्तातील पेशी, मूत्रपिंड आणि यकृत यांचे अहवालही पाहतात.

दोघींनी वेगवेगळे तपासायचे

‘हे ८० मिलीग्रामच आहे ना?’ असे पहिलीने विचारले, की दुसरी सहज ‘हो’ म्हणून जाते. ही खरी तपासणी नव्हे. दुसरीने मूळ आदेश स्वतः वाचून गणित नव्याने करायचे आणि मग दोन्ही उत्तरे जुळवून पाहायची. औषधाचे नाव, डोस, देण्याचा मार्ग, वेग, दिवस आणि मुदत यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही, तर औषध थांबवून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारायचे.

मार्ग चुकला तर

सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून देतात. रक्ताच्या कर्करोगात काही औषधे मणक्यातूनही दिली जातात. चुकून व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेले, तर ते बहुतेक वेळा जीवघेणे ठरते. अनेक देशांत असे मृत्यू झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये हे औषध सिरिंजऐवजी छोट्या सलाईन पिशवीतून देण्याची सूचना केली. मणक्यात पिशवी कोणी लावत नाही, त्यामुळे चुकीची वाटच बंद होते. माणसाच्या सावधपणावर सगळा भार न टाकणारा हा उपाय आहे.

शिरेबाहेर औषध झिरपले तर

डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर गेल्यास त्वचा आणि आतील ऊती जळू शकतात. त्यामुळे देण्याआधी शिरेतून रक्त नीट परत येते का ते पाहतात. जळजळ, दुखणे किंवा सूज जाणवताच औषध लगेच थांबवतात, पण सुई तत्काळ काढत नाहीत. आधी तिच्यातूनच झिरपलेले औषध ओढून घेण्याचा प्रयत्न करतात.

रुग्णाने काय करावे?

‘तुम्ही पाटील ना?’ या प्रश्नाला गुंगीतला रुग्णही मान डोलावतो. म्हणून परिचारिका रुग्णालाच पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावते. दर वेळी तेच विचारले म्हणून वैतागू नये. औषधाचा रंग किंवा पिशव्यांची संख्या वेगळी दिसली, हात चुरचुरला, तर ‘सिस्टर, जरा बघता का?’ असे तेव्हाच विचारावे.

लेहमन यांच्या मृत्यूनंतर डाना-फार्बरने कमाल डोसची मर्यादा ओलांडताच अडवणारी संगणकीय व्यवस्था आणली. मॅसॅच्युसेट्स राज्यात रुग्णसुरक्षेसाठी काम करणारे सरकारी केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.