उतार, ओळंबा आणि सायकलस्वार

बंगळुरू शहर सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. त्याच्या दक्षिणेस तुरहळ्ळीच्या वनात अतिप्राचीन खडकाच्या उघड्या टेकड्या आहेत. जाड टायरांची डोंगरी सायकल घेऊन अशा खडकावरून उतरणारा कुशल स्वार सीटवर बसलेला नसतो. पेडलांवर उभा राहून, गुडघे व कोपर वाकवून आणि कंबर मागे नेऊन तो उतरतो. ही केवळ ऐट नव्हे. पुढे कोलमडून डोके आपटू नये, यासाठी केलेली ती योजना होय.

स्वार व सायकल मिळून एकच वस्तू मानली, तर तिचे सारे वजन गुरुत्वमध्य नावाच्या एका बिंदूत एकवटले आहे, असे समजता येते. सायकल ब्रेक धरून संथ व एकसारख्या वेगाने उतरत असता, या बिंदूतून सोडलेला ओळंबा पुढच्या चाकाच्या टेकबिंदूमागे पडला, तरच ती उलटत नाही. उतार जितका तीव्र, तितका ओळंबा पुढे सरकतो.

एक उदाहरण घेऊ. बसलेल्या स्वाराचा गुरुत्वमध्य सपाटीवर जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंच व पुढच्या टेकबिंदूच्या ६० सेंटिमीटर मागे आहे, असे धरू. मग सुमारे २९ अंशांच्या उतारावर ओळंबा टेकबिंदूवर येऊन पोहोचतो. त्यापुढे मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलावरून फेकला जातो. आता त्याने शरीर खाली व मागे नेऊन हा बिंदू १५ सेंटिमीटर खाली आणि तितकाच मागे नेला, तर ही मर्यादा सुमारे ३८ अंशांवर जाते. यंत्र तेच, बदलली ती केवळ शरीराची ठेवण.

ब्रेक एकाएकी दाबल्यास मात्र जडत्वामुळे शरीर पुढे झेपावते व मर्यादा अलीकडेच ओलांडली जाते. म्हणून वेग कडा येण्यापूर्वीच आवरावा आणि ब्रेक हळूहळू दाबावा.

तथापि फार मागे जाणेही घातक आहे. पुढच्या चाकावरील भार घटला की त्याचे घर्षण घटते आणि सायकल वळेनाशी होते. शिवाय ताठ झालेले हात खडकाचे धक्के सोसू शकत नाहीत. यास्तव सीट आधीच खाली करावी, दोन्ही पेडले समपातळीत ठेवावीत, टाचा किंचित खाली दाबाव्यात. शरीराचा भार पायांनी वाहावा. हातांनी केवळ दिशा द्यावी. नजर चाकापाशी न ठेवता पुढील वाटेवर असावी.

वर्गात याचा पडताळा सहज घेता येईल. फळीवर एक आगपेटी उभी व दुसरी आडवी ठेवून, त्या घसरू नयेत म्हणून खालच्या कडेशी टाचण्या टोचाव्यात आणि फळी हळूहळू तिरपी करावी. उभी पेटी आधी कोसळते. हे पाहिलेल्या विद्यार्थ्याने शिरस्त्राण घालून प्रथम सौम्य उतारावर सराव करावा. तीव्र उताराची घाई करू नये.