नियत कोणी पाहिली?

ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस ‘मी’ म्हणत नसत. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ते ‘फकीर’ म्हणत. बोलणे फारसीत, आणि फारसीत ‘मी’ म्हणजे ‘मन’. पंचाईत अशी की धान्य मोजायचा मणही फारसीत ‘मन’च. मग दानात कोणाला किती मण धान्य द्यायचे हे सांगताना शेख त्या शब्दाची दोन अक्षरे सुटी करत आणि ‘इतके मीम-नून द्या’ असे सांगत. अकबराच्या काळातला इतिहासकार अब्दुल कादिर बदायुनी याने ही आठवण लिहून ठेवली आहे, आणि बदायुनी काही सहजासहजी कोणाचे कौतुक करणारा गृहस्थ नव्हता.

आजच्या वाचकाला हे अंमळ जास्तच वाटेल. अहंकार टाळावा हे ठीक, पण त्यासाठी मापाचे नाव मोडायचे? शिवाय चारचौघांत इतक्या कसोशीने ‘मी’ टाळला की लोकांचे लक्ष जायचे ते त्या ‘मी’कडेच! ही शंका रास्त आहे. इस्लामच्या जाणकारांनीही ती शेखसाहेबांच्या कितीतरी शतके आधी काढून ठेवली होती. माणूस चांगले काम करतो ते अल्लाहसाठी की लोकांनी पाहावे म्हणून, हा तो प्रश्न. आणि त्याची सगळी भिस्त नियतीवर नव्हे, नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर आहे.

इमाम बुखारी यांच्या हदीस-संग्रहातली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली, अगदी पहिली हदीस नियतबद्दलची आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या तोंडून ती आली. आशय असा, की कर्माचे मोल त्यामागच्या हेतूवर ठरते आणि ज्याने जो हेतू धरला त्याला तेच मिळते. पैगंबरांनी त्यासाठी दाखला दिला तो हिजरतचा, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाण्याचा. घरदार सोडून जाणे ही त्या काळातली सर्वांत मोठी कसोटी होती. पण त्याच वाटेने कोणी व्यापारासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी गेला असेल, तर त्याची हिजरत तेवढ्यापुरतीच. वाट तीच, उन्हातली पायपीटही तीच, हिशेब मात्र निराळा. इमाम नववी यांनी तेराव्या शतकात निवडक हदीसांचे जे छोटे पुस्तक केले, त्याची सुरुवातही याच हदीसने होते. मदरशांतली मुले आजही ते पुस्तक शिकतात.

हे सगळे मनातले. पण शरियतच्या पंडितांनी मनातल्या गोष्टीचेही काटेकोर नियम बसवले, आणि त्यांत मतभेदही झाले. ग्वाल्हेर आणि एकूणच उत्तर भारतातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे. आपल्या रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान शाफई. अरबी समुद्रावरच्या व्यापाराने त्यांच्याकडे तो पंथ आला. आता समजा, शाफई माणसाने उकाड्याने हैराण होऊन नुसतेच हातपाय-तोंड धुतले, वजूचा, म्हणजे नमाजेआधीच्या शुद्धीचा, विचारही मनात नव्हता. त्याचा वजू झाला नाही. नमाजेआधी तो पुन्हा करावा लागेल. हनफी माणसाचा मात्र झाला. पाणी शुद्ध करते, ते विचारून करत नाही, असा हनफींचा युक्तिवाद. नियतचे पुण्य त्याला मिळणार नाही इतकेच. रमजानच्या रोजाचेही तसेच. शाफईने रोजाची नियत आदल्या रात्रीच, पहाटेपूर्वी धरली पाहिजे. हनफीला, पहाटेपासून काही खाल्ले-प्यालेले नसेल, तर मध्यान्हाच्या आधीपर्यंत सवड आहे. नमाज मात्र नियतशिवाय होत नाही, याबद्दल दोघांचे एकमत.

नियत तोंडाने बोलावी लागते का? भारतात लहान मुलांना नमाज शिकवताना एक ठरावीक वाक्यही शिकवतात: कोणत्या वेळची नमाज, किती रकात (आवर्तने), तोंड काबाच्या दिशेला. हनफी पंडितांपैकी अनेकांनी मन एकाग्र व्हायला मदत होते म्हणून ते चालवून घेतले. इब्न तैमियांसारख्या पंडितांनी त्याला साफ विरोध केला. नियतची जागा हृदयात आहे, जिभेवर नाही, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य. घाईघाईत वाक्य पुटपुटले आणि मन दुकानाच्या गल्ल्यात असले, तर वाक्याचा उपयोग नाही.

खरे अवघड प्रकरण पुढे सुरू होते. त्याला नाव आहे रिया, म्हणजे दिखाऊपणा. कुराणात ‘माऊन’ नावाची एक छोटी सूरत आहे. लोकांना दिसावी म्हणून नमाज पढणारे आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणारे तिच्यात एकाच माळेत ओवलेले आहेत. ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहातली एक हदीस तर अंगावर येते. कयामतच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा निवाडा होऊन ज्यांना नरकात ढकलले जाईल, ते तिघे म्हणजे एक लढाईत मेलेला, एक विद्वान आणि एक दानशूर. पहिल्याला शूर म्हणवून घ्यायचे होते, दुसऱ्याला पंडित, तिसऱ्याला उदार. आणि जगात त्यांना तसे म्हटले गेले. मजुरी चुकती झाली, बाकी काही उरली नाही.

अकराव्या शतकातल्या इमाम गजालींनी आपल्या ‘इह्या’ या ग्रंथाचा सदतिसावा भाग नियत, इख्लास (निखळपणा) आणि सचोटी यांना दिला. त्यांची नजर फार बारीक. दिखाऊपणाच्या भीतीने सत्कर्मच सोडून देणे हाही लोकांच्याच मताला शरण जाण्याचा प्रकार आहे, असे सूफी सांगत आले, आणि गजालींनी तो धागा पुढे नेला. शेखसाहेबांच्या ‘मीम-नून’बद्दलची आपली शंका इथे थोडी निवळते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर नियत रोजच्या जगण्याला मोठी सवलतही देते. घरच्यांना पोसण्यासाठी केलेली मजुरी, बायकोच्या तोंडात प्रेमाने भरवलेला घास, हेही सदका, म्हणजे दानच, असे हदीस सांगते. सत्कर्माचा नुसता हेतू धरला आणि ते हातून झाले नाही, तरी एक पुण्य; झाले तर दहापट ते सातशेपट. वाईट हेतू धरून माणूस मागे फिरला, तर तेही पुण्यात. एक कुंपण मात्र पक्के आहे: चांगल्या हेतूने हराम गोष्ट हलाल होत नाही. चोरीच्या पैशाची खैरात, लाचेच्या पैशाचे हज यांना नियतचा दाखला चालत नाही.

आता पुन्हा ग्वाल्हेर. हजिरा भागात मुहम्मद गौस यांचा मकबरा आहे: चौरस इमारत, कोपऱ्यांवर षटकोनी बुरूज, चहूबाजूंनी दगडी जाळ्या, वर मोठा घुमट. शेजारच्या साध्या चौथऱ्यावर तानसेनची कबर. गाणाऱ्यांची गर्दी तानसेनकडे. पण ज्यांच्या सावलीत त्याला जागा मिळाली, ते शेख आपल्या काळात भलतेच वादग्रस्त होते.

शत्तारी पंथाच्या या सूफीने चुनारच्या डोंगरात बारा वर्षे तप केले. १५२६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला बाबराच्या सरदाराच्या हाती पडला, तो यांच्याच सल्ल्याने. बाबरनाम्यातच तशी नोंद आहे. हत्तीपोल दरवाजावरचा पहारेकरी शेखांचा मुरीद, म्हणजे शिष्य, निघाला आणि रात्रीत माणसे आत आली. हुमायूनची त्यांच्यावर श्रद्धा होती. शेरशहाच्या काळात त्यांना गुजरात गाठावे लागले. तिथे त्यांच्या आध्यात्मिक ‘मेराज’च्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, दाव्यावरून शेख अली मुत्तकी यांनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला. अहमदाबादचे नामवंत विद्वान वजीहुद्दीन अलवी यांच्याकडे तो गेला. ते शेखांना भेटायला गेले, फतवा फाडला आणि त्यांचे शिष्य झाले. एकच माणूस, दोन विद्वान, दोन निर्णय.

अकबराचा चरित्रकार अबुल फजल याने शेखांची टिंगल केली आहे. गुजरातेतून आलेले उत्तम बैल त्यांनी तरुण अकबराला भेट दिले आणि भेटीतच त्याचा हात धरून त्याला आपला मुरीद करून टाकले. अकबर त्यावर नंतर खूप हसला, अशी ती हकीकत. बदायुनीने त्यांना आग्र्याच्या बाजारात दुरून पाहिले, भेटायची इच्छाही झाली. पण शेख हिंदूंनाही उठून मान देतात हे कळल्यावर त्याने बेत सोडला. एकाला त्यांच्या आदरातिथ्यात लोभ दिसला, दुसऱ्याला त्यांच्या नम्रतेत दोष. दोघेही थोर लेखक. पण माणसाच्या पोटात शिरून पाहिल्यासारखे दोघांनी लिहावे, हे काही पटत नाही. शेख १५६३ मध्ये वारले. आपली बाजू मांडायला ते नव्हते.

इस्लामी परंपरेत या बाबतीत एक प्रसंग सांगतात. लढाईत समोरच्याने शेवटच्या क्षणी कलमा, म्हणजे इस्लामची कबुली, उच्चारला, तरी पैगंबरांचे सहकारी उसामा बिन जैद यांनी त्याला ठार केले. जिवाच्या भीतीने म्हणाला, असा त्यांचा खुलासा. त्याचे हृदय चिरून पाहिले होते का, असे पैगंबरांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले. तेव्हापासून नियम असा: बाहेरून दिसते त्यावर माणसाने वागावे, आतले अल्लाहवर सोडावे. आपली नियत तपासावी, दुसऱ्याची नव्हे.

दर्ग्यांवरून आज चालणारा वादही मुळात नियतचाच आहे. मागणे पीराकडे की पीराच्या वास्त्याने अल्लाहकडे? देवबंदी आणि अहले-हदीस मंडळी पहिल्याचा धोका दाखवतात, बरेलवी दुसऱ्याची ग्वाही देतात. चादर चढवणाऱ्या दोघांच्या हातांत फरक दिसत नाही.

नियतच्या संदर्भात ग्वाल्हेरच्या मराठी शिंदे घराण्याची गोष्टही आठवते. महादजी शिंदे बीडच्या शाह मन्सूर या सूफींना गुरू मानत. पानिपतावर १७६१ मध्ये जखमी होऊन पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिश्त्याने वाचवले, असे सांगतात. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि सरदार केले. त्या रणधुमाळीत उचललेला माणूस पुढे दिल्लीची सूत्रे हलवणार, हे त्या भिश्त्याला कुठून ठाऊक असणार? महादजींच्या शाह मन्सूरांवरच्या भक्तीला कोणी राजकारणही म्हणू शकेल. पण १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, मोगल तर त्याआधीच संपले होते, आणि तरीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गोरखी देवघरात शिंदे घराणे शाह मन्सूरांचा उरूस करत राहिले. तानसेन समारोहाचेही तसेच. १९२४ पासून चालत आलेल्या या उत्सवाची सकाळ मराठी परंपरेच्या ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने, म्हणजे पैगंबरांच्या गुणगानाने, सुरू होते. मग चादर चढते.

नियतचा सर्वांत व्यवहारी नियम मात्र जकातीत सापडतो. मुसलमानाने वर्षभर टिकलेल्या बचतीचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो. देताना, किंवा ती रक्कम बाजूला काढताना, ‘ही जकात आहे’ असे मनात असले पाहिजे. नसेल तर जकात फिटत नाही. पण घेणाऱ्याला ते सांगण्याची गरज नाही. अडचणीतल्या नातेवाइकाला किंवा पडद्यात राहणाऱ्या विधवेला ती ईदी म्हणून, मुलांच्या खाऊचे पैसे म्हणून दिली, तरी हनफी शास्त्राप्रमाणे ती पूर्ण जकात होते.