बाजारपेठेला निधी मिळतो, पण पथारीवाल्याला काय मिळते?

“आमच्या बाजारासाठी सरकारचा निधी आलाय म्हणे, मग मला किती मिळणार?” वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक भाजीवाले, चप्पल दुरुस्त करणारे, कपड्यांची पथारी लावणारे किंवा वडापावची गाडी चालवणारे असतात. त्याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे: अनुदान रस्त्याला मिळते, रस्त्यावर बसणाऱ्याला मिळते ते कर्ज. हा फरक लक्षात आला नाही, तर बाजार सुधारतो आणि तिथे वर्षानुवर्षे बसणारा माणूस बाहेर फेकला जातो.

बाजारपेठा अडचणीत का आहेत?

शहरांतील जुन्या बाजारपेठांमध्ये गिऱ्हाईक कमी होत आहे. मॉल आणि ऑनलाइन खरेदी ही कारणे आहेतच. शिवाय तुटलेले फुटपाथ, तुंबलेली गटारे, अपुरे दिवे, गाड्या लावायला नसलेली जागा आणि बायकांसाठी नसलेले स्वच्छतागृह यामुळेही लोक तिकडे फिरकत नाहीत. ही कामे एकटा दुकानदार करू शकत नाही. म्हणून सार्वजनिक पैसा लागतो.

निधी कोठून येतो?

जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात देशातील १०० शहरे निवडली गेली. त्यात पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर यांसह महाराष्ट्रातील आठ शहरे होती. ठरावीक भाग निवडून तिथले रस्ते, चौक आणि बाजार सुधारणे हा त्याचा एक मुख्य भाग होता. मार्च २०२५ मध्ये हे अभियान संपले.

२०२३ मध्ये केंद्राने १०० ‘फूड स्ट्रीट’ विकसित करण्याची योजना आणली. एका खाऊगल्लीसाठी १ कोटी रुपये, आणि बहुतेक राज्यांत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४०. हा पैसा पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय, स्वच्छतागृह, फरशी, कचऱ्याची व्यवस्था, दिवे, फलक आणि विशिष्ट प्रकारच्या गाड्या यांसाठी आहे. गाडीवाल्याच्या खात्यात यातून रोख रक्कम येत नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १ लाख कोटी रुपयांचा ‘अर्बन चॅलेंज फंड’ जाहीर झाला. शहरांच्या जुन्या भागांचा पुनर्विकास हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे. यातील अट नीट समजून घेतली पाहिजे. प्रकल्प बँकेने पैसे द्यावेत असा, म्हणजे परतफेडीची खात्री देणारा असला पाहिजे. खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम या फंडातून मिळेल, आणि किमान निम्मी रक्कम रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करावी लागेल.

ज्या बाजाराला कर्ज फेडायचे आहे, त्याला उत्पन्न दाखवावे लागते. ते गाळ्यांच्या भाड्यातून, पार्किंगच्या शुल्कातून किंवा जाहिरातींतून येणार. टोपलीभर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींकडून असे उत्पन्न दाखवता येत नाही. प्रकल्पाच्या कागदावर त्या ‘अतिक्रमण’ ठरतात. यामागे कोणाचा वाईट हेतू असलाच पाहिजे असे नाही. निधीची रचनाच तिकडे नेते.

विक्रेत्याच्या वाट्याला काय?

१ जून २०२० पासून पीएम स्वनिधी योजना सुरू आहे. सुरुवातीला १०, २० आणि ५० हजारांचे टप्पे होते. ऑगस्ट २०२५ मधील निर्णयानुसार आता पहिला टप्पा १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजारांचा आहे. वेळेवर हप्ते भरल्यास ७ टक्के व्याज सवलत मिळते आणि तारण लागत नाही. सावकाराच्या रोजच्या वसुलीतून सुटायला याचा उपयोग होतो, म्हणून पात्र असलेल्यांनी ते जरूर घ्यावे. पण स्वनिधीचे कर्ज मिळाले म्हणजे जागेचा हक्क मिळाला, असे नाही. हा गैरसमज आम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसतो.

जागेचा हक्क कशाने मिळतो?

तो पथविक्रेता कायदा, २०१४ ने मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात वाजवी निर्बंधांसह रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क मान्य केला. संविधानाच्या कलम १९ आणि २१ वर उभा असलेला हा विचार पुढे कायद्यात उतरला. त्यातील महत्त्वाच्या तरतुदी अशा:

- दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण झाले पाहिजे. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही.
- हटवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे असल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व दिव्यांगांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे.
- पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करता येतो. तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही अंमलबजावणी रखडते. मुंबईत २०१४ मध्ये सर्वेक्षण झाले, पण समितीची निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले. मधल्या दहा वर्षांत किती जण नव्याने या धंद्यात आले आणि किती जण बाहेर पडले, याचा विचार करा. यादी जुनी असेल तर आज बसणारा माणूस कागदावर अस्तित्वातच नसतो.

आता काय करावे?

सुधारणेचे काम सुरू झाल्यावर मोर्चा काढून फारसे हाती लागत नाही, कारण तोवर आराखडा आणि ठेका दोन्ही ठरलेले असतात. म्हणून आधीच चार गोष्टी कराव्यात.

पहिली, सर्वेक्षणात आपले नाव आहे का ते महापालिकेत पाहावे. जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या आणि जागेचे फोटो जपून ठेवावेत. दंडाची पावती हासुद्धा आपण तिथे बसत होतो याचा पुरावा आहे.

दुसरी, समितीच्या निवडणुकीत मतदान करावे आणि आपल्या वस्तीतील महिलांना उभे करावे. महाराष्ट्रातील बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. या प्रतिनिधित्वासाठी जातीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे.

तिसरी, आपल्या बाजारासाठी निधी मंजूर झाल्याचे कळताच माहिती अधिकारात प्रकल्प अहवाल मागवावा. त्यात विक्रेत्यांसाठी किती जागा आहेत, काम चालू असताना ते कोठे बसतील आणि काम संपल्यावर परत येण्याची लेखी हमी आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत.

चौथी, दुकानदारांशी भांडण्याऐवजी बोलावे. पथारी आणि दुकान यांचे गिऱ्हाईक बऱ्याचदा एकच असते. दोघांनी मिळून स्वच्छतागृह आणि दिवे मागितले, तर अधिकाऱ्यांना ते टाळणे अवघड जाते.

निधी वाईट नाही. चांगला फुटपाथ, दिवे आणि पाणी यांचा सर्वाधिक फायदा दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर काढणाऱ्यालाच होऊ शकतो. त्यासाठी आराखडा ठरण्यापूर्वी त्याचे नाव यादीत आणि त्याचा माणूस समितीत असला पाहिजे.