दोष प्रशिक्षकाचा की पद्धतीचा? एफसी गोवाच्या नवव्या क्रमांकाची उकल

एफसी गोवा संघ लागोपाठ दोन-तीन सामने हरला की गोव्यातील फुटबॉलप्रेमींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, प्रशिक्षकाला घरी पाठवा. दुसरा म्हणतो, प्रशिक्षक राहू द्या, पण ही आखूड पासांची नक्षी पुरे झाली, चेंडू सरळ पुढे मारा. या दोघांच्या मध्ये बहुधा एखादा वडीलधारा असतो. तो आर्मांदो कुलासोंच्या धेंपो संघाचे दाखले देतो आणि दोन्ही पक्षांना अडाणी ठरवून मोकळा होतो.

हा वाद रिकामटेकडा नाही. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. तेव्हापासून देशातील वरच्या पातळीवरील फुटबॉलचा भार गोव्यात मुख्यतः एफसी गोवावर पडला आणि इंडियन सुपर लीगमध्ये तर गोव्याचा दुसरा संघच नाही. एकेकाळी साळगावकरचा खेळ रुचला नाही तर धेंपोकडे जाता येत होते, चर्चिलकडे वळता येत होते. आज ती सोय उरलेली नाही. त्यामुळे या एका संघाने कसे खेळावे, हा प्रश्न साऱ्या गोव्याला आपल्या घरचा वाटतो.

मात्र या वादात दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. पद्धत चुकीची आहे का, हा एक. ती पद्धत राबवण्याजोगे खेळाडू संघात आहेत का, हा दुसरा. ते वेगळे करून पाहायचे तर २०१७ ते २०२२ या काळाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

२०१६ चा हंगाम झिको यांचा अखेरचा. आदल्या वर्षी अंतिम सामना खेळलेला संघ त्या वर्षी आठ संघांत तळाला गेला. त्यानंतर आलेल्या सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने संघाला ती ओळख दिली, जिच्यावरून आजही भांडणे होतात. गोलरक्षकाने चेंडू लांब भिरकवायचा नाही, जवळच्या बचावपटूकडे द्यायचा. बाजूच्या बचावपटूंनी पुढे सरकून आक्रमणात सामील व्हायचे. चेंडू गमावला तर मागे धावण्याऐवजी तिथल्या तिथे तो परत हिसकवायचा. या सगळ्यासाठी मागची फळी मध्यरेषेच्या जवळ आणून ठेवायची, म्हणजे संघ दाटीने उभा राहतो आणि पास आखूड होतात.

या पद्धतीची किंमतही तिच्यातच दडलेली आहे. बचावफळी पुढे आली की तिच्या पाठीमागे, गोलरक्षकापर्यंत, मोकळे रान उरते. प्रतिस्पर्ध्याच्या पायात चेंडू आहे आणि त्याच्यावर कुणाचाही दाब नाही, असे दोन क्षण मिळाले तरी तो त्या रानात चेंडू टाकतो आणि वेगवान आघाडीवीर एकटा गोलरक्षकासमोर उभा ठाकतो. प्रेक्षकाला दिसतो तो उघडा पडलेला बचावपटू. चूक पुष्कळदा त्याच्या चाळीस मीटर पुढे झालेली असते, ज्याने दाब द्यायचा तो खेळाडू उशिरा पोहोचलेला असतो. शिव्या मात्र बचावपटूच खातो.

लोबेरांच्या हाती ही पद्धत पेलणारे पाय होते. फेरान कोरोमिनासने पहिल्याच हंगामात १८ गोल केले आणि संघाने साखळीतील १८ सामन्यांत ४२. अहमद जाहू आणि एदू बेडिया मधल्या फळीतून खेळाचा वेग ठरवत. मंदार राव देसाई मुळात डाव्या बगलेवरचा आक्रमक खेळाडू. त्याला लोबेरांनी बचावात आणले, पण धावायला रान पुढचेच दिले.

या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र लोबेरा गेल्यानंतरचा आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी, साखळीतील अवघे तीन सामने शिल्लक असताना आणि संघ गुणतक्त्यात वरच्या स्थानांवर असताना, क्लबने त्यांना दूर केले. गोमंतकीय माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली. पुढचे तीन सामने गोव्याने ४-१, ५-२ आणि ५-० असे जिंकले आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरमध्ये साखळी विजेत्याची ढाल मिळवली. माणूस बदलला, पद्धत तीच राहिली, खेळाडू तेच राहिले आणि निकालही तसेच लागले.

त्याच उन्हाळ्यात उलटा प्रयोग घडला. लोबेरा मुंबई सिटीत गेले आणि त्यांच्यापाठोपाठ जाहू, ह्युगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि मंदारही गेले. कोरोमिनासने भारत सोडला. नवे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी पद्धत सोडली नाही आणि पहिल्या हंगामात संघाला चौथ्या क्रमांकावर आणले. उपांत्य फेरीत मुंबईने त्यांना पेनल्टीवर रोखले. त्या हंगामात १४ गोल करणारा इगोर अँगुलो पुढच्या वर्षी कुठे गेला? मुंबईलाच. शिवाय २०२१-२२ पासून मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली. ज्या संघाचा कणाच परदेशी पायांवर उभा होता, त्याला हा बदल अधिक जाचणार हे उघड होते.

२०२१ च्या ऑक्टोबरात ड्युरँड चषक जिंकूनही लीगमधील पहिले तिन्ही सामने गोव्याने गमावले. डिसेंबरात करारातील मुक्ततेच्या अटीचा आधार घेऊन फेरांडो एटीके मोहन बागानकडे निघून गेले आणि सहा सामन्यांनंतर डेरिक परेरा यांना विस्कटलेला संसार सावरायला बोलावले गेले. हंगाम संपला तेव्हा २० सामन्यांत केवळ चार विजय, १९ गुण आणि अकरा संघांत नववे स्थान अशी अवस्था होती. याच संघाने चेन्नईयिनला ५-० ने हरवले आणि अखेरचा सामना केरळशी ४-४ असा बरोबरीत सोडवला, म्हणजे गोल करण्याची कला अगदीच गेली नव्हती. अंकुश गेला होता.

त्या वेळी परेरांवर झालेली टीका मला आजही अन्यायाची वाटते. संघ त्यांनी निवडला नव्हता, हंगामपूर्व तयारी त्यांची नव्हती. प्रशिक्षक बदलला की निकाल सुधारतात, या लोकप्रिय समजुतीतही एक फसगत आहे. क्लब प्रशिक्षकाला काढतो तो बहुधा संघ आपल्या कुवतीपेक्षा खाली घसरलेला असताना, आणि अशा संघाचे निकाल काही न करताही थोडे वर येतातच. श्रेय नव्या माणसाला मिळते. कुवतच कमी झालेली असेल तर तेवढेही होत नाही आणि मग नवा माणूसही निकामी ठरतो.

याचा अर्थ प्रेक्षकांचे सगळेच आक्षेप फोल असतात असा नव्हे. हाताशी वेगवान बचावपटू नसताना बचावफळी मध्यरेषेवर नेणारा प्रशिक्षक दोषी असतो. सत्तराव्या मिनिटाला दमलेली मधली फळी तशीच खेळवणाराही असतो. शिवाय काही प्रश्नांना ठाम उत्तरच नसते. २४ एप्रिल २०२४ ची फातोर्ड्यावरील उपांत्य लढत आठवा. मानोलो मार्केझ यांचा संघ नव्वदाव्या मिनिटाला मुंबईविरुद्ध २-० असा पुढे होता. तेवढ्यात छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे यांनी गोल केले आणि काही मिनिटांत सामना २-३ असा हातून गेला. आघाडी राखायला मागे सरायला हवे होते की चेंडू आपल्याच पायात ठेवायला हवा होता? लोबेरांच्या चाहत्याचे उत्तर एक असेल, धेंपोच्या जुन्या चाहत्याचे कदाचित दुसरे. मार्केझ यांनी मात्र आदल्या हंगामात सातवा आलेला संघ त्या वर्षी साखळीत तिसरा आणला होता, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

पुढच्या वेळी फातोर्ड्यावर गेलात तर चेंडू गोव्याच्या गोलरक्षकाकडे असताना नजर चेंडूवरून काढून मधल्या फळीवर ठेवा. चेंडू मागायला दोघे-तिघे सरकतात की एकटाच? आणि चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत कोण धावतो, कोण कमरेवर हात ठेवून उभा राहतो? खेळाडू जागेवर पोहोचत असतील आणि तरी पास चुकत असतील, तर तो प्रश्न खेळाडूंच्या निवडीचा आहे, आणि ती निवड उन्हाळ्यात क्लबच्या कचेरीत होते. कोणी जागाच सोडत नसेल, तर प्रशिक्षकाला जाब जरूर विचारावा.