सहकाऱ्यांमधील कार्यालयीन ई-मेल : कृषी विस्तारातील एक दुर्लक्षित साधन

कृषी विस्ताराचे यश संशोधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विभाग आणि शेतकरी यांच्यातील संवादावर अवलंबून असते. हा संवाद पूर्वी टपालाने व आवक-जावक नोंदवहीच्या आधारे होत असे; आज त्याचा मोठा भाग ई-मेलद्वारे होतो. कागदी पत्राचा मसुदा टंकलिखित होऊन स्वाक्षरीपर्यंत पोहोचेतो दोन-तीन वेळा वाचला जात असे. ई-मेल मात्र लिहिल्याक्षणीच रवाना होतो. त्यामुळे पत्रलेखनाची जुनी शिस्त सुटते आणि अपुरी माहिती वेगाने पसरते. पिकावरील किडीच्या बाबतीत अशा अपुऱ्या माहितीची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

एका शब्दाने होणारा घोटाळा

विदर्भाचा पूर्व भाग आणि छत्तीसगड हा सलग धानपट्टा आहे. रायपूर, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत, आणि किडींना राज्याची सीमा ठाऊक नसते. साहजिकच दोन्ही बाजूंच्या कृषी कार्यकर्त्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण आवश्यक ठरते.

समजा, रायपूरच्या शंकर नगरात वास्तव्यास असलेला एक मराठी भाषक कृषी अधिकारी दिवसभराची शेतपाहणी आटोपून सायंकाळी घरूनच गोंदियातील सहकाऱ्यास भ्रमणध्वनीवरून लिहितो : ‘इकडे धानावर माहू वाढला आहे. आपल्याकडेही लक्ष द्यावे. फोटो जोडले आहेत.’ विषयाची ओळ रिकामी आहे. गाव, दिनांक, पिकाची अवस्था, किडीची संख्या यांपैकी काहीही नाही.

येथे खरी अडचण ‘माहू’ या शब्दाची आहे. छत्तीसगडमध्ये धानावरील ‘भूरा माहू’ म्हणजे मराठीतील तपकिरी तुडतुडे. मराठी वाचकाला मात्र ‘माहू’ वाचताच ‘मावा’ आठवतो, आणि मावा ही सर्वस्वी निराळी कीड आहे. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर राहून रस शोषतात. म्हणून फवारणीचा झोत बुंध्यापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. शिवाय सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वापरल्यास तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होऊ शकतो. ओळख चुकली तर सल्ला चुकतो, फवारणीचा खर्च वाया जातो आणि शेतात जळाल्यासारखे गोलाकार चट्टे पडू लागतात.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. छत्तीसगडची ‘गंगई’ ती मराठीतील गादमाशी, ‘तना छेदक’ तो खोडकिडा आणि ‘झुलसा’ तो करपा. म्हणून दोन भाषाप्रदेशांतील पत्रव्यवहारात स्थानिक नावापुढे शास्त्रीय नाव लिहिणे हा पहिला नियम मानावा. ‘निलापर्वता लुजेन्स’ एवढे दोन शब्द लिहिले असते, तर वरील संभ्रम उद्भवलाच नसता.

हाच मजकूर कसा लिहावा?

त्याच काल्पनिक प्रसंगातील माहिती पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

*विषय : धान – तपकिरी तुडतुडे – सालेकसा व देवरी तालुक्यांतील स्थिती कळविणेबाबत (दि. १८ सप्टेंबरपर्यंत)*

*मा. महोदय,*
*सप्रेम नमस्कार.*

*आपल्या सालेकसा व देवरी तालुक्यांत तपकिरी तुडतुड्यांचा (निलापर्वता लुजेन्स) प्रादुर्भाव आहे काय, हे गुरुवार, दि. १८ सप्टेंबर रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत कृपया कळवावे, म्हणजे शुक्रवारच्या सल्ला पत्रिकेत त्याचा समावेश करता येईल.*

*मंगळवार, दि. १६ सप्टेंबर रोजी डोंगरगड तालुक्यातील एका शेतात २० चुडांचे निरीक्षण केले. प्रति चूड सरासरी १४ तुडतुडे आढळले. पीक पोटरी अवस्थेत असून बांधीत पाणी साचलेले आहे. लागवड दाट आहे. तीन छायाचित्रे सोबत जोडली आहेत.*

*आपला,*
*(नाव, पदनाम, कार्यालय, दूरध्वनी क्रमांक)*

या पत्रात विनंती आरंभीच आली आहे व तपशील नंतर. उत्तर कोणी, कोणत्या दिवसापर्यंत आणि कशासाठी द्यायचे, हे स्पष्ट आहे. ‘लवकरात लवकर’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या सोयीने लावतो. वार आणि दिनांक यांचा अर्थ एकच असतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्ला पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होते. शुक्रवारी सायंकाळी पोहोचलेली माहिती पुढील मंगळवारची वाट पाहते. त्या चार दिवसांत तुडतुडे थांबत नाहीत.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. एक ई-मेल, एक विषय. किडीचा अहवाल, प्रवासभत्ता आणि प्रशिक्षणाची तारीख एकाच पत्रात आल्यास त्यांपैकी एकाचेच उत्तर मिळते. विषय बदलला की जुन्या उत्तराच्या साखळीत न लिहिता नवीन पत्र सुरू करावे.

२. विषयाची ओळ शोधता येईल अशी असावी. ‘महत्त्वाचे’ किंवा ‘माहिती’ असे विषय वर्षभरानंतर सापडत नाहीत. पीक, समस्या, स्थान व अपेक्षित कार्यवाही एवढे घटक पुरेसे आहेत.

३. ‘प्रति’ आणि ‘प्रत’ यांतील भेद पाळावा. ज्याने कार्यवाही करावयाची त्याचे नाव ‘प्रति’मध्ये, ज्याला केवळ माहिती हवी त्याचे ‘प्रत’मध्ये असावे. ‘प्रत माहितीसाठी सादर’ ही जुन्या पत्रांतील ओळ हेच काम करीत असे. दहा जणांची नावे ‘प्रति’मध्ये घातल्यास प्रत्येकास वाटते की उत्तर दुसरा देईल.

४. एकके व परिमाणे पूर्ण लिहावीत. एकर की हेक्टर, मिलिलिटर प्रति लिटर की प्रति पंप, प्रति चूड की प्रति चौरस मीटर, हे निःसंदिग्ध असावे. कीटकनाशकाच्या मात्रेत तर संदिग्धतेला मुळीच थारा नको.

५. जोडपत्रांना अर्थपूर्ण नाव द्यावे. छायाचित्रे तीन असावीत : संपूर्ण शेताचे, एका चुडाचे आणि किडीचे जवळून घेतलेले. प्रत्येकाच्या नावात पीक, गाव व दिनांक असावा.

६. संबोधन पद व परिचय पाहून निवडावे. वरिष्ठांना ‘मा. महोदय/महोदया’, समकक्ष सहकाऱ्यास ‘सप्रेम नमस्कार’ पुरेसे आहे. अतिविनयाची लांबण आणि आज्ञार्थी एकोळी मजकूर ही दोन्ही टोके टाळावीत.

७. मतभेद किंवा चूक दाखविताना वरिष्ठांना प्रत देण्याची घाई करू नये. प्रथम दूरध्वनीवर बोलावे, त्यानंतर ठरलेली बाब दोन ओळींत लेखी कळवावी. चारचौघांत दुखावलेला सहकारी पुढील वेळी माहिती देताना हात आखडता घेतो.

ई-मेल हा अभिलेखच

ई-मेल म्हणजे तात्पुरते संभाषण, असा समज अजूनही आढळतो. तो बरोबर नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’ या संज्ञेच्या व्याख्येत ई-मेलचा नावानिशी उल्लेख आहे. केंद्र शासनाच्या ई-मेल धोरणानुसार शासकीय कामासाठी शासकीय ई-मेल सेवाच वापरणे अपेक्षित आहे. म्हणून घरून लिहितानाही खासगी खात्याऐवजी कार्यालयीन खाते वापरावे. बदली किंवा निवृत्तीनंतर खासगी खात्यातील नोंदी कार्यालयाच्या हाती राहत नाहीत. शेतपाहणीची अनेक वर्षांची माहिती अशीच हरवते. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा दूरध्वनी क्रमांक आवश्यकता नसताना पुढे पाठवू नये.

प्रगतशील शेतकऱ्यांनीही कृषी विज्ञान केंद्रास लिहिताना हीच पद्धत ठेवावी : गाव, पीक व वाण, लागवडीची तारीख, लक्षण प्रथम दिसल्याचा दिवस, आतापर्यंत केलेली फवारणी आणि एक नेमका प्रश्न. एवढी माहिती असल्यास तज्ज्ञास उलट विचारणा करावी लागत नाही आणि सल्ला एक-दोन दिवस आधी हाती येतो.

ई-मेल पाठविण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. वाचणाऱ्यास पुन्हा दूरध्वनी न करता कार्यवाही करता येईल काय? आणि पुढील हंगामात या जागेवर येणाऱ्या अनोळखी सहकाऱ्यास हे पत्र समजेल काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तरच पत्र पाठवावे.