घर विकायचंय? आधी भिंतीचा पाया बघा

कोल्हापुरात घर बघायला आलेला माणूस आधी छताकडं बघत नाही. तो भिंतीच्या पायाशी बघतो आणि विचारतो, "एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. दोनच वर्षांत, जुलै २०२१ ला, पुन्हा महापूर. सुतारवाडा, दुधाळी, कुंभार गल्ली, रमणमळा या भागांत तर हा प्रश्न भावाच्याही आधी येतो.

त्यामुळं विकणाऱ्याचा पहिला विचार असतो, रंग मारून टाकू. नेमकं इथंच पैसे वाया जातात. वीट जमिनीतलं पाणी शोषते, पाण्याबरोबर क्षार वर चढतात, पाणी वाळून जातं आणि क्षार गिलाव्याखाली फुगून बसतात. हाच लोणा. त्यावर प्लॅस्टिक पेंट चढवला की आतली ओल कोंडते आणि पहिल्याच पावसात रंगाला फोड येतात. पेठांतल्या दगड-मातीच्या, चुन्याच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावाही मानवत नाही. ओल जिथवर आलीय त्याच्या वरपर्यंतचा गिलावा खरवडायचा, भिंत पुरती वाळू द्यायची आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायचा. असा गवंडी मिळणं अवघड झालंय, हे खरं.

गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, गच्चीची भेग हे सगळं रंगाच्या आधी. क्रम उलटा केला तर रंगारी दोनदा बोलवावा लागतो.

मग माळा. तांब्याचा बंब, पितळी घागरी, लग्नातल्या ट्रंका, तालमीत मिळालेल्या ढाली, बंद पडलेलं शिवणयंत्र. घर विकायला काढलं की भावंडांची खरी भांडणं इथं होतात, किमतीवरून नंतर. बंब कुणाचा हे ठरल्याशिवाय माळा रिकामा होत नाही आणि माळा भरलेला असला की दहा बाय बाराची खोली आठ बाय दहाची दिसते. तांबं-पितळ मोडीत जातं, कपडे बोहारणीकडं, रद्दी रद्दीवाल्याकडं. वाडवडिलांच्या तसबिरी मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच नव्या घरी न्याव्यात. भिंतभर परक्यांचे फोटो असले की बघणाऱ्याला तिथं आपला संसार मांडून बघता येत नाही. अमेरिकेत याच समजुतीवर १९७० च्या दशकापासून 'होम स्टेजिंग' नावाचा धंदा उभा राहिला. तिथं भाड्याचा सोफा आणून ठेवतात. आपल्याकडं सोफा आणायची गरज नाही, आहेत त्यातले दोन बाहेर काढले तरी पुरे.

खर्च कुठं करू नये, तेही सांगतो. नवा मॉड्युलर ओटा बसवू नका. घेणारी गृहिणी तो आपल्या सोयीनं बदलणारच. कडाप्प्याचा ओटा घासून लख्ख करा, ठिबकणारा नळ बदला, करकरणाऱ्या दाराला तेल द्या, अंधाऱ्या जिन्यात चांगला बल्ब लावा. वास्तूसाठी संडास हलवायचा तर माझ्या मते मुळीच नको. घरफाळ्याची पावती आणि सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मात्र एका फायलीत हाताशी ठेवा. कार्डावर आजोबांचंच नाव असेल तर आधी वारसनोंद; ती नसेल तर कितीही चकचकीत घर असलं तरी सौदा तिथंच अडतो.

पुराची खूण झाकायचा मोह सोडा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणं, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं न कळणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. आणि आपण नाही सांगितलं तरी समोरचा पानपट्टीवाला सांगतोच.

पितृपंधरवड्यात सौदे थंड असतात. तेवढ्यात माळा रिकामा करा. पाऊस उघडून भिंती वाळल्या की रंग द्या, आणि घर दाखवायला दिवाळीनंतर काढा.